आजीच्या दंडावरचा व्हायरस

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले बरेचसे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' काढले आहेत. थोडे राहिलेत, चालवून घ्या.)

आजचा भाग ठरलेला नव्हता. यूपीआयचं पेमेंट मध्येच अडकतं तेव्हा पडद्यामागे काय चालतं, यावर बोलायचं होतं. ते पुढच्या वेळी. कारण मागच्या भागात लसींवर बोलताना मी छातीठोकपणे म्हणालो होतो की देवीची लस म्हणजे गायीचा काऊपॉक्स व्हायरस. आपण सगळे शाळेत हेच शिकलो ना? जेन्नर, गवळण, गाय, झालं.

दोन दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. पशुवैद्यक शिकते. लिहिलं होतं, "दादा, लसीतला व्हायरस काऊपॉक्स नाही, व्हॅक्सिनिया आहे. दोन्ही वेगळे. आणि व्हॅक्सिनियाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रात म्हशींमध्ये फिरते. तुम्ही वसईचे ना? तुमच्याकडे तबेले आहेत की."

आता मी कॉम्प्युटरवाला. बायॉलॉजी दहावीला सुटली ती सुटलीच. म्हटलं, चूक झाली, माफी मागू आणि पुढे जाऊ. पण वाचत गेलो आणि तीन आठवडे त्यातच अडकलो. ट्रेनमध्ये पेपर वाचायचे, रात्री आजीला प्रश्न विचारायचे, असं चाललं होतं.

आजीपासूनच सुरू करतो.

आपल्या डाव्या दंडावर एक छोटा वण असतो, तो बीसीजीचा, टीबीच्या लसीचा. आजीच्या दंडावर चार आहेत, रुपयाच्या नाण्याएवढे, खोलगट, आतून चुण्या पडलेले. लहानपणी मी त्यात बोट घालून खेळायचो. ते देवीच्या लसीचे. आजी म्हणते, देवी टोचायला माणूस यायचा तेव्हा वाडीत पळापळ व्हायची. त्याच्याकडे एक गोल दातेरी टोचणी असायची, ती कातडीवर टेकवून फिरवायचा. ताप यायचा, हात सुजायचा, आठवडाभर फोड. आया पोरांना माळ्यावर लपवायच्या. आजी अंगणात सापडली म्हणून तिला टोचलं. तिचा धाकटा भाऊ पेंढ्यात लपवलेला होता, त्याला नाही टोचलं. पुढच्या उन्हाळ्यात देवी आल्या आणि तो गेला. चार वर्षांचा होता. हे मला आत्ता, एवढ्या वर्षांनी, व्हायरसचं विचारायला गेलो म्हणून कळलं. घरात त्याचा फोटोही नाही.

"देवी आल्या" असंच म्हणते ती, आदराने, अनेकवचनात. आपल्याच जिल्ह्यात केळव्याला समुद्राजवळ शीतलादेवीचं देऊळ आहे, तुमच्यापैकी बरेच जण पिकनिकला जाऊन आले असतील. शीतला म्हणजे याच आजाराची देवी. अंगाचा दाह शांत करणारी, म्हणून शीतल. ज्या आजारात तीनपैकी जवळजवळ एक माणूस जायचा आणि औषध काहीच नव्हतं, तिथे माणसं आणखी काय करणार होती?

एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये येईल. कांजण्या वेगळ्या. इंग्रजीत त्याला चिकनपॉक्स म्हणतात, पण तो पॉक्स घराण्यातला नाहीच, हर्पिस घराण्यातला आहे. नावावर जाऊ नका.

बरं, पॉक्सव्हायरस म्हणजे नेमकं काय? कोरोनाचा जीनोम साधारण 30,000 अक्षरांचा. व्हॅक्सिनियाचा सुमारे 1,90,000, त्यात दोनशेच्या आसपास जीन. डीएनएवाले बहुतेक व्हायरस आपल्या पेशीच्या केंद्रकात घुसतात आणि तिथली यंत्रं वापरतात. हा केंद्रकात जातच नाही. बाहेरच्या पेशीद्रवात स्वतःचा कारखाना टाकतो, कारण जीन वाचायची यंत्रसामग्री तो बरोबर घेऊनच येतो. भाड्याच्या खोलीत स्वतःचा इन्व्हर्टर घेऊन येणारा भाडेकरू. वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना इन्व्हर्टरचं महत्त्व मी समजावून सांगायला नको.

हे घराणं जुनं आणि पसरलेलं आहे. कीटकांमध्ये आहे, पक्ष्यांमध्ये आहे, मगरींमध्ये आहे, गुरांमध्ये आहे. 2022 साली लंपी आला होता आठवतं? गुरांचे बाजार बंद, गायींच्या अंगावर गाठी. तोही पॉक्सव्हायरस. आणि तेव्हा आपल्या गायींना जी लस टोचली ती होती शेळ्यांच्या देवीची, गोटपॉक्सची. लंपीचा चुलतभाऊ टोचला, लंपी अडला. ही चुलतभावाची युक्ती लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

माणसाच्या देवीचा व्हायरस म्हणजे व्हॅरिओला. त्याचे अगदी जवळचे नातेवाईक दोन: एक उंटांचा कॅमलपॉक्स, दुसरा टॅटेरापॉक्स, जो 1968 मध्ये पश्चिम आफ्रिकेत, आजच्या बेनिनमध्ये, एका जर्बिलमध्ये सापडला. जर्बिल म्हणजे उंदरासारखा प्राणी. यावरून शास्त्रज्ञांचा तर्क असा की मूळ पूर्वज उंदीरवर्गीय प्राण्यांत राहणारा असावा आणि तिथून एक फांदी माणसाकडे आली.

इथे मला, कोड लिहिणाऱ्याला, सगळ्यात मजा आली. आपल्याला वाटतं, घातक व्हायरस म्हणजे नवनवी हत्यारं मिळवत गेलेला. या गटात उलटं दिसतं. सगळ्यात मोठा जीनोम काऊपॉक्सचा, दोन लाख वीस हजार अक्षरांच्या वर. नावात गाय असली तरी त्याचं खरं घर म्हणजे युरोपातले शेतउंदीर, आणि तो मांजर, गाय, माणूस, प्राणिसंग्रहालयातला हत्ती, कोणालाही लागू शकतो. व्हॅरिओलाचा जीनोम या मंडळींत लहान, सुमारे 1,86,000. काऊपॉक्समध्ये जे जीन धडधाकट आहेत, त्यातले कितीतरी व्हॅरिओलात मोडके पडलेत किंवा गायब आहेत. जुन्या प्रोजेक्टमध्ये कसं, फंक्शन कमेंट करून ठेवलेलं असतं, कोणी वापरत नाही, मग एक दिवस कोणीतरी उडवून टाकतं. व्हॅरिओलाने दहा प्राण्यांत चालणारं सॉफ्टवेअर छाटत छाटत एकाच मशीनपुरतं केलं, आणि ते मशीन म्हणजे आपण.

2020 मध्ये उत्तर युरोपातल्या व्हायकिंग काळातल्या हाडांतून आणि दातांतून देवीच्या व्हायरसचे जीनोम काढले गेले. काही नमुने तेराशे-चौदाशे वर्षं जुने. तो आधुनिक देवीचा थेट पूर्वज नव्हता, एक मरून गेलेली बाजूची फांदी होती. पण तिच्यातही जीन मोडत चालले होते, आणि वेगळ्या क्रमाने. दोन टीम एकाच जुन्या कोडबेसमधून वेगवेगळ्या गोष्टी काढत होत्या, असं काहीसं.

या छाटणीमुळेच देवी संपवता आली. व्हॅरिओला फक्त माणसात राहू शकत होता. जंगलात, गोठ्यात, उंदराच्या बिळात त्याचा बॅकअप नव्हता. माणसांची साखळी तोडली की तो गेला. भारतात शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये आसामात. जगात नैसर्गिक साथीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियात. 8 मे 1980 ला जगाने जाहीर केलं, देवी संपली. विसाव्या शतकात तिने सुमारे 30 कोटी माणसं मारली असा अंदाज सांगितला जातो. आजीचा भाऊ त्यातला एक.

आता लसीकडे. आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईत येते.

जेन्नरने 14 मे 1796 ला इंग्लंडमध्ये जेम्स फिप्स नावाच्या मुलाला, सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं द्रव्य टोचलं. तेव्हा फ्रिज नव्हता, बाटली नव्हती. द्रव्य काही दिवसांत निकामी व्हायचं. मग ते नेणार कसं? माणसातून. आज एका मुलाला टोचा, आठव्या दिवशी त्याच्या फोडातून पाणी काढा, पुढच्या मुलाला टोचा. आपला 'लस' हा शब्दच बघा ना. जखमेतून लस वाहते असं आजी अजून म्हणते. व्हॅक्सिनला मराठीत लस म्हणतात कारण ती तेव्हा अक्षरशः लसच होती, फोडातून झरणारं पाणी. मी हा शब्द आयुष्यभर वापरतोय आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

भारतात ती आणण्यासाठी समुद्रमार्गे केलेले प्रयत्न फसले होते. शेवटी व्हिएन्नातल्या ज्याँ डी कॅरो या डॉक्टरने काचांच्या मध्ये वाळवलेली लस मेणात बंद करून खुष्कीने बगदादला पाठवली. बगदादहून बसरा, दंडातून दंडात. बसऱ्याहून जहाजाने मुंबई. आणि 14 जून 1802 ला मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला ती लागू झाली. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना. तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. देशभर गेलेल्या लसीचा उगम एका तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावरचा एक फोड! तिच्याबद्दल पुढे इतिहासात जवळपास काही नाही. तिला कोणी विचारलंही नसणार.

हिशोब करून बघितला. आठवड्याला एक म्हटलं तरी वर्षाला 52 हस्तांतरणं. पन्नास वर्षांत 2,600. प्रत्येक वेळी नवं शरीर, नवी गर्दी, नवे म्युटेशन, आणि कसलीही नोंद नाही. युरोपात हेच चाललं होतं, कधी गायीतून ताजी लस घेत, कधी घोड्यातून. मग माणसातून माणसात टोचताना गरमीसारखे आजारही पसरतात हे लक्षात आलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांवर लस वाढवायला सुरुवात झाली. वासराचं अंग भादरायचं, कातडीवर ओरखडे काढायचे, लस चोळायची आणि चार-पाच दिवसांनी खरवडून काढायची. बेळगावची व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट हेच काम करायची. मुंबई इलाख्याला लस तिथून जायची, आणि पुढे निर्मूलनाच्या मोहिमेत फ्रीझ-ड्राय लस बनवणाऱ्या देशातल्या चार संस्थांपैकी ती एक होती. आजीला टोचलेली लस बहुधा बेळगावचीच. भारतात या कामाला रेडकंही वापरली गेली. रेडकू हे लक्षात ठेवा.

तर एवढं सगळं होऊन, 1939 मध्ये ॲलन डाउनी या ब्रिटिश संशोधकाने लसीतला व्हायरस आणि गायींत सापडणारा काऊपॉक्स शेजारी ठेवून तपासले. निघाले दोन वेगळे व्हायरस! म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं जग जे टोचत होतं, ते काऊपॉक्स नव्हतं. मग ते होतं काय? निसर्गात तसं काही सापडत नव्हतं. प्रॉडक्शनवर कोट्यवधी युजर असलेलं सॉफ्टवेअर आहे, उत्तम चालतं, पण सोर्स कुठला ते कंपनीत कोणालाच माहीत नाही. अशा प्रोजेक्टवर मी काम केलंय, त्यामुळे मला डाउनीबद्दल फार सहानुभूती वाटते.

पहिला धागा मिळाला मंगोलियात. 1976 मध्ये तिथल्या एका आजारी घोड्यातून हॉर्सपॉक्सचा नमुना घेतला होता. 2006 मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, सुमारे 2,12,000 अक्षरं. तो व्हॅक्सिनियाच्या घरातलाच निघाला. व्हॅक्सिनियात मोडलेले काही जीन यात शाबूत. मग 2017 मध्ये, 1902 साली फिलाडेल्फियात बनवलेल्या लसीचा एक जपून ठेवलेला नमुना वाचला. त्याच्या जीनोमचा मधला मुख्य भाग हॉर्सपॉक्सशी 99.7 टक्के जुळला.

घोडा! आणि गंमत म्हणजे जेन्नर हे पहिल्यापासून म्हणत होता. त्याचं मत होतं की गायीचा हा आजार मुळात घोड्याच्या पायाच्या फोडांतून येतो, नालबंद किंवा मोतद्दार तोच हात घेऊन धार काढायला बसतो आणि गायीच्या सडाला लागतो. लोकांनी त्याची थट्टा केली. पुढे त्याने घोड्याची लसही वापरली, इटलीत सॅको नावाच्या डॉक्टरनेही वापरली. मग ते विसरलं गेलं आणि पुस्तकात गाय राहिली. याचा अर्थ प्रत्येक लस घोड्यापासूनच आली असं नाही. मुंबईला आलेली लस लोम्बार्डीतल्या गायींची, असं डी कॅरोचं म्हणणं होतं. पण त्या गायींना ती कोणाकडून लागली होती, हा प्रश्न उरतोच.

इतक्या शरीरांतून फिरून हा व्हायरस टिकला कसा, यावर 2012 मध्ये अमेरिकेत एक फार सुंदर प्रयोग झाला. आपल्या पेशीत पीकेआर नावाचं प्रथिन असतं, सोसायटीच्या वॉचमनसारखं. व्हायरस दिसला की पेशीतलं उत्पादनच बंद करतं. व्हॅक्सिनियाकडे या वॉचमनला गप्प करणारे दोन जीन आहेत. संशोधकांनी चांगला चालणारा काढून टाकला, दुसरा माणसाच्या पेशीत अगदीच कमजोर. व्हायरसने काय करावं? त्या कमजोर जीनच्या कॉपी काढल्या. दहा-एक पिढ्यांत जीनोम फुगला. एकाने होत नाही तर दहा पाठवू. मग त्या गर्दीत एका कॉपीत नेमका उपयोगी बदल झाला, आणि तो झाल्यावर बाकीच्या कॉपी गळू लागल्या. भजनातल्या पेटीचा भाता कसा, फुगतो, मिटतो. शास्त्रज्ञांनी त्याला अकॉर्डियनच नाव दिलं.

आणि छाटणीचा फायदा माणसानेही करून घेतला. म्युनिकमध्ये अँटोन मायर यांनी अंकारातला व्हॅक्सिनियाचा एक वाण कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत 570 पेक्षा जास्त वेळा वाढवला. कोंबडीत राहून राहून त्याने जीनोमचा सुमारे 15 टक्के भाग टाकला आणि माणसाच्या पेशीत नीट वाढायचंच विसरला. आज एमपॉक्ससाठी जी लस देतात, ती याच वाणाची.

आता त्या मुलीच्या मेसेजचा दुसरा अर्धा भाग. म्हशी.

व्हॅरिओला एका मशीनपुरता छाटलेला, म्हणून संपला. व्हॅक्सिनिया तसा नाही. घोडा, गाय, म्हैस, ससा, माणूस, सगळीकडे चालतो. मारणारा गेला, वाचवणारा मोकळा आहे. म्हशींच्या पॉक्सची पहिली नोंद 1934 ची, लाहोरची. म्हणजे फाळणीपूर्व भारत, जिथे तेव्हा माणसांना आणि लसीसाठी गुरांना सर्रास व्हॅक्सिनिया टोचला जात होता. नुकतीच देवी टोचलेला माणूस, दंडावर ओला फोड, तोच हात खाजवून धार काढायला बसला, तर काय होईल? नेमकं असंच झालं की रेडकांमधून गेला की आणखी कुठून, याचा माग लागलेला नाही. पण म्हशींचा हा व्हायरस व्हॅक्सिनियाच्या घरचा आहे, हे जीनोममधून पक्कं आहे. ब्राझीलमध्ये 1999 मध्ये दुभत्या गायींत आणि गवळ्यांत कांटागालो नावाचा व्हायरस सापडला, तोही तिथल्या जुन्या लसीच्या जवळचा.

महाराष्ट्रात 1985 ते 1987 च्या दरम्यान म्हशींमध्ये साथ होती, धुळ्याकडची नोंद आहे. 2009 च्या सुरुवातीला सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आली, पुण्याच्या एनआयव्हीची टीम तिथे गेली. वीसएक गावांत दीडशेवर माणसं आजारी. मुख्यतः धार काढणारी आणि गोठ्यात वावरणारी. बोटांवर, हातावर फोड, ताप, काखेत गाठ. म्हशीच्या सडांवर आणि कासेवर फोड, दूध कमी. माणूस सहसा मरत नाही, काही आठवड्यांत बरा होतो. पण एका म्हशीकडून दुसरीकडे हा आजार नेतो कोण? धार काढणाऱ्याचा हात. आणि धार दिवसातून दोनदा काढावीच लागते, हात दुखतो म्हणून म्हैस थांबत नाही.

आणखी एक. देशात देवीची लस 1970 च्या दशकाच्या शेवटी बंद झाली, ते बरोबरच होतं. पण त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्या कोणाच्याही अंगात या घराण्याविरुद्धची जुनी तयारी नाही. आजीकडे थोडीफार असेल. मला नाही, तुम्हालाही नाही. धार काढणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोरालाही नाही.

मेसेज वाचून मी रविवारी हायवेकडच्या एका तबेल्यावर गेलो. वसई पूर्वेला आत गेलं की वास सांगतो कुठे वळायचं. तिथले एक चाचा जौनपूरकडचे, तीस वर्षं इथे. मी मोबाइलवर फोटो दाखवले, म्हशीचे सड, माणसाचं बोट. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ये तो निकल आता है कभी-कभी." इतकं साधं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका रांगेतल्या म्हशींना झालं होतं, मग त्यांना आणि एका पोराला. हळद-तेल लावलं. डॉक्टरकडे का नाही गेलात? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. सुट्टी घेतली की रोज कापला जातो. आणि फोड आलेत असं मालकाला कळलं तर त्याच्या जागी दुसरा हात उभा असतो.

ते बफेलोपॉक्सच होतं असं मी म्हणत नाही. धार काढणाऱ्यांच्या हातावर येणारे आणखीही फोड असतात, त्यातले काही पॉक्स घराण्याच्याच दुसऱ्या शाखेचे. सॅम्पल घेतल्याशिवाय सांगता येत नाही आणि सॅम्पल कोणी घेतलंच नाही. मला खटकलं ते हेच. सोलापूर-कोल्हापूरची साथ आपल्याला माहीत आहे कारण तिथे कोणीतरी डॉक्टरला सांगितलं आणि डॉक्टरने पुढे कळवलं. न कळवलेल्या साथींची यादी नसते. बदलत राहणं हा ज्याचा स्वभाव, अशा व्हायरसची एक शाखा गोठ्यात चालू आहे आणि तिची लॉग फाइल म्हणजे चाचांची आठवण.

घाबरवत नाहीये. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्या. त्यात काही नाही. पण तुमच्या घरी किंवा ओळखीत कोणी गुरं सांभाळत असेल आणि म्हशीच्या सडावर आणि धार काढणाऱ्याच्या बोटावर एकाच सुमारास फोड दिसले, तर तीन गोष्टी. त्या म्हशीची धार शेवटी काढा आणि नंतर हात साबणाने धुवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि माणसाच्या डॉक्टरकडे गेलात तर "मी म्हशींची धार काढतो" हे आपणहून सांगा. नाहीतर त्यांच्या डोक्यात ते येणारच कसं?

चाचांना मी एक नंबर देऊन आलोय, पशुवैद्यकीय दवाखान्याचा. त्यांनी तो तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिला, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. त्या मुलीलाही कळवलं. ती म्हणाली, परीक्षा झाली की ती स्वतः जाऊन बघेल.

घरी येऊन आजीला सगळं सांगितलं. म्हटलं, आजी, तुला जे टोचलं ते बहुतेक घोड्याकडून आलेलं, गायीकडून नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि तुझ्या त्या अ‍ॅनाला लई दुखलं असंल रे, तीनच वर्सांची." मग थोड्या वेळाने, मी विचारलंही नव्हतं, भावाचं नाव सांगितलं. ते मी इथे सांगत नाही, ते तिचं आहे.

एक काम करा. आज घरी सगळ्यात मोठं जे कोणी असेल त्यांच्या दंडावर बघा आणि किती वण आहेत, कुठे टोचले, कोणत्या गावात, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. वण दोन की चार, हे त्या वेळी तिथे कोणती पद्धत होती त्यावर असायचं. तालुक्यांचा एक नकाशा करायचा विचार आहे. आमच्या आजीचे चार, वसई, डावा दंड. पहिली नोंद झाली.